गॅरंड घेतली, दोन महिने नुसती पुसली आणि मग झाडली

आधी निकाल सांगून टाकतो, पाल्हाळ नंतर. रायफल एक नंबर. पण ती विकत घेणं हा सगळ्यात सोपा भाग आहे, खरी गंमत तिच्या पोटात काय घालायचं आणि आपला अंगठा कुठे ठेवायचा इथे सुरू होते. ज्यांना वाटतं की बॉक्स उघडला, गोळ्या भरल्या, निघालो रेंजवर, त्यांनी प्लीज दुसरं काहीतरी घ्या.

मी बोलतोय एम-वन गॅरंडबद्दल. दुसऱ्या महायुद्धातली आणि कोरियातली अमेरिकन सैन्याची रायफल, १९३६ साली सैन्यात घेतली गेली, सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे दर वेळी बोल्ट, म्हणजे नळी मागून बंद करणारा सरकता ठोकळा, हाताने ओढायचा नाही, ट्रिगर दाबला की एक गोळी आणि पुढची आपोआप चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या जागेत. आठ काडतुसं एका लोखंडी क्लिपमध्ये धरलेली असतात आणि ती क्लिपच अख्खी आत जाते. जॉन गॅरंड मूळचा कॅनडातल्या क्वेबेकचा, स्प्रिंगफील्ड आर्मरीत सरकारी नोकरी करायचा, आणि सगळे मिळून पन्नास लाखांच्या वर नग बनले तरी गड्याला रॉयल्टी म्हणून एक छदाम मिळाला नाही, पेटंटचे हक्क सरकारला देऊन मोकळा झाला होता. आपल्याकडे असं कुणी केलं असतं तर घरच्यांनी आयुष्यभर ऐकवलं असतं.

माझा बंदुकीशी संबंध म्हणजे कॉलेजात एनसीसीच्या कॅम्पला पॉइंट टू-टूवर झाडलेल्या पाच गोळ्या, त्यातल्या तीन टारगेटवर आणि दोन देवाला माहीत. इथे अमेरिकेत आल्यावर बरीच वर्षं काही केलं नाही, आणि खरं म्हणजे करताही आलं नसतं. हे आपल्या लोकांसाठी मुद्दाम लिहितोय कारण दर वेळी कुणीतरी विचारतं: एच-वन सारख्या व्हिसावर असाल तर फेडरल कायद्याने बंदूक विकत घ्यायला साधारणपणे मनाई आहे, शिकारीचं लायसन्स वगैरे काही अपवाद आहेत पण ते वकिलाला विचारा, मित्राला नाही. ग्रीन कार्डवाले लायसन्स असलेल्या दुकानातून घेऊ शकतात, फॉर्म ४४७३ भरायचा, बॅकग्राउंड चेक होतो. आणि राज्याराज्याचे नियम त्याच्यावर वेगळे. मी सिटिझन होईपर्यंत थांबलो, त्याचं कारण पुढे येतंय.

पहिली गॅरंड मी घेणार होतो एका गन शोमध्ये. टेबलावर तेल लावून चकचकीत ठेवलेली, विकणारा काका अगदी गोड, म्हणाला ही सगळी ओरिजिनल, ४३ सालची, एकही पार्ट बदललेला नाही, नॉर्मंडीला, महायुद्धातल्या फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या त्या चढाईला, जाऊन आलेली असणार. मी येताना थोडा अभ्यास करून आलो होतो त्यामुळे विचारलं, बोल्ट मागे ओढू का? तो म्हणाला ओढ की. गॅरंडचा ऑपरेटिंग रॉड, म्हणजे बोल्टला मागे-पुढे नेणारा लांब दांडा, मागे ओढला की उजव्या बाजूला बॅरलचा जो भाग उघडा पडतो तिथे बॅरल कुठे आणि कधी बनलं त्याचा महिना-वर्ष बहुतेक वेळा ठोकलेला असतो. तिथे स्वच्छ ५३ लिहिलेलं. काका, नॉर्मंडी ४४ ला झाली, हे बॅरल नऊ वर्षं नंतरचं आहे. काका म्हणाला असं का, मग पन्नास डॉलर कमी दे. मी रायफल खाली ठेवली आणि कॉफी प्यायला गेलो.

आता बॅरल बदललेलं असणं हा दोष नाहीच मुळी. युद्धानंतर सैन्याने या रायफली परत आर्सेनलमध्ये, म्हणजे सैन्याच्या शस्त्रशाळेत, नेऊन उघडल्या, झिजलेलं बदललं, जे पार्ट हाताला लागले ते बसवले आणि परत बांधल्या, त्यामुळे जवळजवळ प्रत्येक गॅरंड ही चार ठिकाणच्या भागांची भेळ असते. स्प्रिंगफील्डच्या रिसीव्हरवर, म्हणजे बोल्ट आणि बॅरल ज्यात बसतं त्या मुख्य सांगाड्यावर, विंचेस्टर या दुसऱ्या कारखान्याचा बोल्ट, त्याखाली कोरियाच्या वेळच्या हॅरिंग्टन अँड रिचर्डसनचं ट्रिगर हाउसिंग, असलं काहीही सापडतं आणि सगळं मस्त चालतं. दोष आहे तो 'सगळं ओरिजिनल' म्हणून वरचे पैसे मागण्यात. कलेक्टर असाल तर गोष्ट वेगळी, मग तुम्हाला पार्टवर ठोकलेले ड्रॉइंग नंबर पाठ असायला हवेत. मला झाडायची होती.

पण झाडायची असेल तर एक गोष्ट मात्र डोळ्यात तेल घालून बघा. जुन्या काळी सैन्याने मोडीत काढलेले, मधून कापलेले रिसीव्हर काही लोकांनी परत वेल्डिंग करून जोडले आणि त्यावर रायफली बांधून विकल्या. रीवेल्ड म्हणतात त्यांना. रिसीव्हरच्या मधोमध कुठे पट्टा दिसतो का, धातूचा पोत बदलतो का, ग्राइंडिंगच्या खुणा आहेत का, लांबी जराशी वेगळी वाटते का, हे बघायचं. असली रायफल फुकट मिळाली तरी भिंतीवर टांगायची, खांद्याला लावायची नाही. दुसरं म्हणजे कॅलिबर, कुठल्या मापाचं काडतूस लागतं ते. बहुतेक गॅरंड थर्टी-ऑट-सिक्सच्या, पण अमेरिकन नेव्हीने नंतर काही रायफली ७.६२ नाटोच्या केल्या होत्या, त्यातल्या काहींमध्ये जुन्याच बॅरलच्या चेंबरमध्ये एक छोटं बुश बसवलेलं होतं, आणि ते बुश सैल होऊन बाहेर येण्याचे प्रकार झालेत. त्यामुळे बॅरलवर काय लिहिलंय ते वाचा आणि शंका असेल तर गनस्मिथकडे चेंबर तपासून घ्या, हेडस्पेस गेज, म्हणजे चेंबरमध्ये काडतुसाला किती जागा आहे ते मोजायचं माप, लावायला त्याला पाच मिनिटं लागतात.

तर मी शेवटी गेलो सीएमपीकडे, सिव्हिलियन मार्क्समनशिप प्रोग्राम. ही अमेरिकन काँग्रेसने १९९६ साली सनद दिलेली ना-नफा संस्था आहे, सैन्याच्या जुन्या रायफली नागरिकांना विकते आणि त्या पैशातून नेमबाजीचे कार्यक्रम चालवते. इथे अट आहे अमेरिकन नागरिकत्वाची, म्हणून मी थांबलो होतो. शिवाय संलग्न क्लबची मेंबरशिप, नेमबाजी केल्याचा काहीतरी पुरावा आणि बॅकग्राउंड चेक. कागदपत्रं वाचताना वाटतं बापरे, पण आपण लोक व्हिसाचे फॉर्म भरून भरून तयार झालेलो असतो, आपल्याला हे म्हणजे किस झाड की पत्ती. क्लबचा एक नवशिक्यांचा क्लिनिकचा दिवस असतो, तो केला की पुराव्याचं काम होतं आणि वर दोन गोष्टी शिकायलाही मिळतात.

ऑर्डर करून मागवता येते, पण मी गाडी काढून थेट ओहायोत कँप पेरीला त्यांच्या स्टोअरमध्ये गेलो, लेक इरीच्या काठावर आहे. दुसरं स्टोअर अलाबामात अ‍ॅनिस्टनला. ज्यांना जमेल त्यांनी खरंच प्रत्यक्ष जा. रॅकवर ओळीने रायफली उभ्या, लाकडाला त्या जुन्या तेलाचा वास, आणि प्रत्येक रायफल वेगळी. एकीचं लाकूड फिक्कट, एकीच्या दस्त्यावर कुणीतरी चाकूने दोन अक्षरं कोरलेली, एकीवर परदेशी सैन्याचा नंबर. बऱ्याचशा रायफली बाहेरच्या देशांना उधार दिलेल्या होत्या आणि तिकडून परत आलेल्या आहेत, डेन्मार्क, ग्रीस, आणि अलीकडे फिलिपिन्स आणि तुर्कस्तानातून मोठा साठा आला. ग्रेड असतात, फील्ड, सर्व्हिस वगैरे. ग्रेडमध्ये दिसण्याइतकंच महत्त्व दोन आकड्यांना आहे, थ्रोट इरोजन आणि मझल वेअर, म्हणजे बॅरल आतल्या टोकाला किती झिजलंय आणि तोंडाशी किती. आकडा जितका कमी तितकं बॅरल ताजं. माझ्या रायफलीचा थ्रोट ३ आणि मझल २, सर्व्हिस ग्रेडला हे अगदी छान. पैसे हजार डॉलरच्या आसपास गेले, बायकोला मी 'हजारच्या आत' असं सांगितलं होतं, टॅक्स धरला नव्हता.

ज्यांच्याकडे गेज नसेल त्यांच्यासाठी एक देशी उपाय. एक डमी राउंड घ्या, डमी म्हणजे डमी, आत ना दारू ना प्रायमर (दारू पेटवणारी तळाची टिकली), जिवंत काडतूस घेऊन हा खेळ करू नका. बोल्ट उघडा ठेवून, चेंबर रिकामं आहे याची खात्री करून, त्या डमीची बुलेट बॅरलच्या तोंडात टोकाकडून घाला. बुलेट पुढे जाऊन थांबली की केसची, म्हणजे काडतुसाच्या पितळी नळकांड्याची, मान आणि बॅरलचं तोंड यांच्यात किती फट राहते ते बघा. चांगली फट राहिली तर तोंड घट्ट आहे. केस जवळजवळ टेकलीच तर बॅरल तोंडाशी रुंदावलंय, बहुतेक वेळा वर्षानुवर्षं तोंडाकडून स्टीलचा रॉड घालून साफ केल्यामुळे. गॅरंडला मागून रॉड घालता येत नाही ना, रिसीव्हर मधे येतो, त्यामुळे हजारो जवानांनी पुढूनच घासलीय बिचारीला. मी रॅकवरच्या सहा रायफलींना हे करून बघितलं, तिथल्या माणसाला विचारून, तो हसला आणि म्हणाला घे तुझा वेळ.

सिरीयल नंबर २८ लाखांच्या घरातला, म्हणजे रिसीव्हर १९४४ चा. बॅरल पन्नासच्या दशकातलं. लाकडावर आर्सेनलचा रिबिल्डचा शिक्का. वजन साडेनऊ पाउंड, म्हणजे सव्वाचार किलोच्या वर, आणि हे रिकामी असताना.

घरी आणली आणि पुढचे दोन महिने एकही गोळी झाडली नाही. काहींना हा अतिरेक वाटेल. पण ऐंशी वर्षांची मशीन आहे, शेवटची कुणी उघडली, कुणी बांधली काही माहीत नाही, आणि तिच्या बोल्टपासून माझा गाल चार बोटांवर असणार आहे. जुनी स्कूटर घेतली तरी आपण प्लग काढून बघतो.

उघडायला मात्र इतकी सोपी आहे की कमाल वाटते. ट्रिगर गार्ड मागून ओढून खाली घेतला की ट्रिगर ग्रुप अख्खा हातात येतो, मग लाकूड वेगळं, लोखंड वेगळं, एकही स्क्रूड्रायव्हर नाही. पहिल्यांदा मला पाऊण तास लागला, आता टीव्ही बघता बघता होतं. स्प्रिंग काढून नुसता बोल्ट आणि ऑपरेटिंग रॉड बसवायचा आणि रायफल पुढे-मागे कलती करायची, रॉड स्वतःच्या वजनाने सरसर घसरला पाहिजे, कुठे अडला तर तो वाकलाय किंवा कुठेतरी घासतोय. टिल्ट टेस्ट म्हणतात. माझा एका जागी किंचित अडायचा, बघितलं तर जुनं ग्रीस वाळून खडा झालेलं, टूथब्रश आणि सॉल्व्हंटने काढलं, मग सुळकन.

मग फंक्शन चेक. रायफल रिकामी, परत एकदा बघा रिकामी. बोल्ट ओढून बंद करायचा, सेफ्टी लावायची, ती ट्रिगर गार्डच्या पुढच्या बाजूला असते, ट्रिगर दाबला तर काही होता कामा नये. सेफ्टी काढायची, ट्रिगर दाबायचा, हॅमर, म्हणजे आतली हातोडी, पडला पाहिजे. ट्रिगर तसाच दाबून धरायचा, बोल्ट पूर्ण मागे नेऊन पुढे आणायचा, हॅमर पडता कामा नये. आता ट्रिगर हळू सोडायचा, बारीक टक् असा आवाज येतो, तो मागच्या हुककडून पुढच्या हुककडे हॅमर दिल्याचा. परत दाबला की हॅमर पडतो. हा टक् येत नसेल तर रायफल एका दाबात दोन गोळ्या झाडू शकते. तेव्हा तिथेच थांबा आणि गनस्मिथकडे जा.

लाकडाला उकळलेलं जवसाचं तेल लावलं, तीन-चार हात. इथे एक सावधगिरी जी बंदुकीची नाही पण लिहितोच: तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना गरम होतं आणि चिंध्यांचा बोळा आपोआप पेटतो, खरंच पेटतो. बाहेर पसरून वाळवा, मग टाका. गोळ्यांच्या नादात घर जळालं तर इन्शुरन्सवाला हसेल.

वंगणाचंही तसंच. आजकालच्या रायफलींवर पातळ तेल चालतं, गॅरंडला ग्रीस लागतं. बोल्टचे लग, म्हणजे त्याला अडकवून धरणारे कान, ऑपरेटिंग रॉड जिथे घासतो ती खाच, हॅमरचं तोंड, बोल्टचा तळ. थोडंसं, बोटाच्या टोकावर मुगाएवढं. बॅरलखालच्या गॅस सिलिंडरच्या आत (तो काय करतो ते पुढे येतंय) मात्र काही लावायचं नाही, तिथे ते करपून कोळसा होतं.

आणि आता अंगठा. सगळ्यांना माहीत असतं, 'एम-वन थम' म्हणून नावच आहे त्याला, मलाही माहीत होतं, चार व्हिडिओ बघितले होते. लोकांना वाटतं क्लिप भरताना होतं. होतं, पण जास्त करून रिकाम्या रायफलीशी खेळताना होतं. माझं असं झालं: साफसफाई झाली, बोल्ट मागे अडकलेला, बंद करायचा म्हणून अंगठ्याने फॉलोअर, म्हणजे गोळ्यांना खालून वर ढकलणारी पट्टी, खाली दाबला. फॉलोअर दाबला की बोल्ट सुटतो, हेच त्याचं काम आहे. उजव्या तळहाताची कड ऑपरेटिंग रॉडच्या हँडलला टेकवून ठेवायची असते म्हणजे बोल्ट तुमच्या परवानगीशिवाय पुढे येत नाही. मी कड टेकवली नव्हती कारण डाव्या हातात चहाचा कप होता आणि उजव्या हाताने एकट्याने सगळं चाललं होतं. पुढचं सांगायला नको. नख तीन आठवडे काळं-निळं होतं, ऑफिसात सगळ्यांना सांगितलं गाडीच्या दारात सापडलं. चहा पण सांडला, कार्पेटवर.

तेव्हा भरताना असं: उजव्या हाताची कड हँडलमागे घट्ट, क्लिप वरून सरळ, अंगठ्याने खाली दाबायची, खट् असं लॅचमध्ये बसल्याचं कळतं, मग अंगठा वर आणि उजवीकडे काढून घ्यायचा आणि त्यानंतरच हाताची कड सोडायची. बोल्ट कधी लगेच धावतो, कधी अर्ध्यात थांबतो, थांबला तर हँडलला मागून तळहाताने एक टप्पल. डमी राउंड भरून घरी पन्नास वेळा करा. मी शंभर वेळा केलं, अर्थात अंगठा काळा झाल्यानंतर.

आता अ‍ॅमो, म्हणजे ज्याच्यासाठी खरं हे सगळं लिहायला घेतलं. एका स्पोर्ट्सच्या दुकानात काउंटरवरच्या पोराला मी मुद्दाम विचारलं, गॅरंडला कुठली देऊ, तो म्हणाला थर्टी-ऑट-सिक्स म्हणजे थर्टी-ऑट-सिक्स, कुठलीही दे. आणि हातात दिली १८० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) शिकारीची मॅग्नमसारखी तिखट काडतुसं. कॅलिबर बरोबर, चेंबरमध्ये बसतात, आणि झाडली तर पहिल्या दिवशी काही होणारही नाही कदाचित. भानगड अशी आहे की गॅरंडमध्ये बॅरलच्या तोंडाजवळ एक बारीक भोक आहे, तिथून थोडा गॅस खाली सिलिंडरमध्ये जातो आणि तो लांबलचक ऑपरेटिंग रॉडला मागे ढकलतो. १५० ग्रेनची सैन्याची एम-टू बॉल गोळी आणि तिची दारू यांच्यासाठी ते सगळं बेतलेलं आहे. आजच्या जड शिकारी गोळ्यांमधली दारू हळू जळते, म्हणजे गोळी त्या भोकापर्यंत पोचते तेव्हा तिथला दाब जास्त असतो, रॉडला धक्का वाजवीपेक्षा जोरात बसतो, आणि रॉड वाकतो. आधीच तो सरळ नाही, घडवतानाच बाक दिलेला आहे, त्यात आणखी वाकला की गेलं काम. चांगला रॉड आता स्वस्तात मिळत नाही.

म्हणून डब्यावर 'एम-वन गॅरंड' असं लिहिलेलीच काडतुसं घ्या. फेडरलची अमेरिकन ईगलमध्ये १५० ग्रेनची आहे, पीपीयूची आहे, हॉर्नडीची १६८ ग्रेनची आहे, ती जरा महाग पण नेमकी. ज्यांना इतर अ‍ॅमो वापरायचीच आहे त्यांच्यासाठी भोकं पाडलेला किंवा अ‍ॅडजस्ट होणारा गॅस प्लग मिळतो, तो जादा गॅस बाहेर सोडतो. माझ्याकडे तो आहे पण मी साधी अ‍ॅमोच वापरतो, प्लग म्हणजे हेल्मेट आहे म्हणून सिग्नल तोडण्यातला प्रकार वाटतो मला. ज्याचं त्याचं मत.

जुनी सरप्लस, म्हणजे सैन्याकडे उरलेली, अ‍ॅमो स्वस्तात मिळाली म्हणून उड्या मारू नका, तळाचा शिक्का वाचा. ग्रीसची एचएक्सपी आणि अमेरिकन लेक सिटीची नंतरच्या काळातली (महायुद्धातली नव्हे) चांगली, त्यांचा प्रायमर गंज आणत नाही. दुसऱ्या महायुद्धातली बरीचशी आणि केए शिक्क्याची कोरियन यांचे प्रायमर कोरोझिव्ह, म्हणजे झाडल्यावर नळीत मीठ मागे राहतं, आणि मीठ हवेतलं पाणी ओढतं, दोन दिवसांत तांबूस. नुसत्या तेलाने मीठ निघत नाही, पाणीच लागतं. झाडलीच तर त्याच संध्याकाळी गरम पाण्याने नळी आणि गॅस सिलिंडर धुवा, कोरडं करा, मग तेल. मी त्या वाटेला जातच नाही.

आणि प्रायमरवरून आठवलं. रेंजवर पहिल्या दिवशी मी भरली, बोल्ट बंद झाला, आणि न झाडताच ते काडतूस बाहेर काढून बघितलं. प्रायमरच्या मधोमध एक बारीक टिंब, सुईचं टोक टेकवावं तसं. पाहून पोटात गोळा आला, मला ट्रिगरला हातही लागला नव्हता. हे नॉर्मल आहे. गॅरंडच्या फायरिंग पिनला, म्हणजे प्रायमरला टोचणाऱ्या सुईला, स्प्रिंग नाही, ती मोकळी असते, बोल्ट आपटून बंद होतो तेव्हा ती स्वतःच्या वेगाने पुढे जाऊन प्रायमरला हलकंसं टोचते. सैन्याचे प्रायमर जाड असतात, ते सहन करतात. प्रायमर मऊ असेल किंवा वर आलेला असेल तर मात्र गोळी ट्रिगर न दाबता तिथेच उडू शकते, त्याला स्लॅम-फायर म्हणतात. म्हणून घरी रीलोड करणारे मिलिटरी दर्जाचे कडक प्रायमर घेतात आणि ते केसच्या तळापेक्षा जरासे आत बसवतात. आणि म्हणूनच चेंबरमध्ये हाताने एक सुटं काडतूस टाकून त्यावर बोल्ट सोडायचा नाही, कधीच नाही. क्लिपमधून काडतूस ओढताना बोल्टचा वेग कमी होतो, सुट्यावर तो पूर्ण जोराने आदळतो. एकेक झाडायची असेल तर त्यासाठी स्लेड नावाचं छोटं उपकरण येतं, ते क्लिपसारखं बसतं. आणि काही झालं तरी बोल्ट बंद होताना नळी टारगेटकडे, बोट ट्रिगरच्या बाहेर. त्या टिंबाने मला हे जेवढं पटवलं तेवढं कुठल्या बोर्डावरच्या नियमाने नव्हतं पटवलं.

मी पहिली एकच भरली, स्लेडवर. झाडली, केस उचलून बघितली, फुगलेली नाही, मानेजवळ चीर नाही, तळाशी चमकदार पट्टा नाही. मग क्लिपमध्ये दोन, एका दाबात एकच जाते ना हे बघायला. दोन काडतुसांची वेगळी क्लिप मिळते. मग पाच, मग आठ. कानात प्लग आणि वरून इअर मफ दोन्ही, बंद शेडखालच्या रेंजवर तर हवंच. डोळ्यांना चष्मा. केसेस उजवीकडे पुढच्या बाजूला उडतात, एक-दोनच्या काट्याला, शेजारच्या लेनमधल्या माणसाला आधी सांगून ठेवा, मी सांगितलं नव्हतं आणि गरम पितळ त्याच्या कॉलरमध्ये गेलं, माणूस सज्जन होता, नाचला पण काही बोलला नाही.

झाडायला कशी आहे? धक्का मला वाटला होता त्याच्या निम्मा. एवढं वजन आणि गॅसचं काम यामुळे तो ढकलल्यासारखा येतो, मारल्यासारखा नाही. ट्रिगर दोन टप्प्यांचा, आधी मोकळा ओढायचा, मग एक भिंत लागते, तिथे थांबायचं, श्वास, आणि मग स्वच्छ तुटतो. मागची साइट म्हणजे बारीक भोक, डावीकडच्या नॉबने उंची, उजवीकडच्याने वाऱ्यासाठी डावं-उजवं, आणि प्रत्येक क्लिक शंभर यार्डांवर साधारण एक इंच. ही साइट ज्याने डिझाइन केली त्याला सलाम, चाळिशीनंतरच्या डोळ्यांनाही दिसतं. शंभर यार्डांवर टेकवून आठ गोळ्या माझ्या हातून चार इंचांत बसल्या, बरोबरच्या जुन्या मेंबरने तीच रायफल घेऊन तीनमध्ये बसवल्या, म्हणजे दोष कुणाचा ते कळलं.

आणि तो पिंग. आठवी गोळी गेली की रिकामी क्लिप वर उडते आणि टिंग् असा आवाज होतो, आपल्या देवघरातल्या घंटीसारखा, फक्त जरा घाईत. लोक सांगतात की जर्मन तो आवाज ऐकून, समोरच्याची रायफल रिकामी झाली हे ओळखून, गोळीबार करायचे. रणांगणावर चारी बाजूंनी रायफली आणि तोफा चालू असताना शंभर पावलांवरून एक क्लिप पडलेली कुणाला ऐकू येणार, आणि बाजूला आणखी दहा जण भरलेल्या रायफली घेऊन बसलेत त्यांचं काय? मला ही गोष्ट पटत नाही. पण आवाज गोड आहे, हे खरं. क्लिपा मात्र गोळा करा, गवतात हरवतात.

अर्धी क्लिप झाडून थांबायचं असेल तर रॉड मागे ओढून धरायचा, चेंबरमधलं काडतूस पडतं, आणि डाव्या बाजूचं लॅच दाबलं की क्लिप उरलेल्या गोळ्यांसकट वर येते. मधेच दोन गोळ्या टॉप-अप करायला ही रायफल बनलेली नाही, तो प्रयत्न करू नका, अंगठा आठवा.

खर्च विचाराल तर रायफलीपेक्षा गोळ्याच हळूहळू जड जातात, एका दुपारी शंभर झाडल्या तर चांगल्या हॉटेलात चौघांचं जेवण होईल एवढे गेले. त्यामुळे महिन्यातून एकदा, चाळीस गोळ्या, पुष्कळ झालं. नुसतं ढाड-ढाड करून डबे फोडायचे असतील तर पॉइंट टू-टू घ्या, सुखी राहाल. घरी लहान मुलं असतील तर सेफ आधी, रायफल नंतर, आणि गोळ्या वेगळ्या कुलपात. माझ्याकडे सेफ दोन महिने आधी आली होती, त्यात तेव्हा नुसते पासपोर्ट होते.

मागच्या रविवारी एक मित्र आला रेंजवर, सोलापूरचा, आयुष्यात बंदूक धरलेली नव्हती. त्याला सगळं समजावलं, डमीवर दहा वेळा भरायला लावलं, मग खरी क्लिप दिली. त्याने हाताची कड टेकवली, क्लिप दाबली, खट् झालं, आणि तो तसाच अंगठा आत ठेवून माझ्याकडे बघून हसत विचारतोय, "आता?" मी एवढ्या जोरात ओरडलो, "अंगठा वर!" की तीन लेन सोडून पलीकडच्या अमेरिकन आजोबांनी मराठी न कळता स्वतःचा हात उचलला.